दोन एकर आणि दोन हात

वाचकाचे पत्र (थोडक्यात): 'माझे वय ४२. गेली बरीच वर्षे कार्यालयात नोकरी करतो. शेतीचा अनुभव नाही. घरात पूर्वीही कोणी शेती केलेली नाही. शहरापासून तासाभराच्या अंतरावर दोन एकर जमीन घेतली आहे, तिथे बोअर आहे. पुढच्या वर्षी नोकरी सोडून पूर्णवेळ शेती करण्याचा विचार आहे. दीड एकरात १५ प्रकारचा सेंद्रिय भाजीपाला, उरलेल्या अर्ध्या एकरात फळझाडे, १०० कोंबड्या आणि २ गाई असा आराखडा केला आहे. दोन वर्षे घर चालेल इतकी बचत आहे, पत्नीची नोकरी चालू राहणार आहे. एका एकरातून किती उत्पन्न निघते याचे बरेच व्हिडिओ पाहिले. सेंद्रिय मालाला मागणी आहेच, म्हणून वाढीव दर पहिल्या महिन्यापासून धरला आहे. त्या हिशेबाने पहिल्या वर्षाअखेर घरखर्च निघायला हवा. नातेवाईक याला वेडेपणा म्हणतात. हा खरेच वेडेपणा आहे का? सुरुवात कशी करावी? आधी एखादा अभ्यासक्रम करावा का?'

सप्रेम नमस्कार.

शेती करण्याची इच्छा हा वेडेपणा नाही आणि दोन एकर ही लाज वाटावी इतकी लहान जमीनही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगातील सुमारे ८४ टक्के शेते दोन हेक्टरपेक्षा, म्हणजे पाच एकरांपेक्षा लहान आहेत. एकूण शेतजमिनीपैकी जेमतेम १२ टक्के जमीन त्यांच्याकडे आहे आणि तरीही जगातील सुमारे ३५ टक्के अन्न त्यांतून येते. तेव्हा नातेवाइकांची शंका चुकीच्या जागी आहे. मात्र याच आकड्यांकडे आपण थोडे सावधपणे पाहावे, असे मला वाटते. ही शेते बहुतांशी अशा कुटुंबांची आहेत, ज्यांतील माणसे लहानपणापासून शेतात वावरली आहेत, ज्यांच्या कामाची मजुरी कुठल्याही हिशेबात लिहिली जात नाही आणि ज्यांच्यापैकी अनेकांच्या घरी शेतीबाहेरचाही थोडाफार पैसा येतो. आपल्याकडे जमीन आहे, बचत आहे, उत्साह आहे. पण या कुटुंबांकडे जे दोन-तीन पिढ्यांचे कसब आणि चार-पाच जोड्या हात असतात, ते नाहीत. माझे उत्तर याच फरकाभोवती आहे.

वनस्पतींच्या पोषणाबद्दल एक जुना नियम आहे. कार्ल स्प्रेंगेल यांनी १८२८ च्या सुमारास तो मांडला आणि पुढे युस्टुस फॉन लीबिग यांच्यामुळे तो जगभर माहीत झाला. पिकाची वाढ एकूण अन्नद्रव्यांवर ठरत नाही, जे अन्नद्रव्य गरजेच्या मानाने सर्वांत कमी आहे त्यावर ठरते, असे तो सांगतो. हे समजावण्यासाठी कमीजास्त उंचीच्या फळ्यांचे पिंप दाखवतात: पाणी सर्वांत आखूड फळीपर्यंतच भरते, बाकीच्या फळ्या कितीही उंच असल्या तरी. आपल्या आराखड्याला हा नियम लावून पाहिला, तर जमीन ही सर्वांत उंच फळी आहे, आणि नेमका तिचाच हिशेब आपण गुंठ्यागुंठ्याने केला आहे. कामाचे तास, उन्हाळ्यातले पाणी आणि माल घेणारी माणसे या तीन गोष्टींबद्दल पत्रात एकही आकडा नाही. लहान शेती अडते ती बहुतेक वेळा याच तिघांपैकी एकापाशी.

कामाच्या तासांपासून सुरुवात करतो, कारण नवख्या माणसाचा अंदाज सर्वांत जास्त इथे चुकतो. दीड एकर म्हणजे ६० गुंठे. खुरप्याने निंदणी करणारा एक माणूस तणाच्या दाटीनुसार दिवसाला साधारण दोन ते तीन गुंठे पुरे करतो, आणि हा वेग सरावलेल्या हाताचा आहे. म्हणजे सगळ्या भाजीपाल्याची एक निंदणी करायला एकट्या माणसाचे २० ते ३० पूर्ण दिवस जातील. तण त्याच्या आधीच पुन्हा उगवते. आपण शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचाल तेव्हा पहिल्या वाफ्यात पीक शोधावे लागेल, आणि या काळात पेरणी, पाणी, काढणी, विक्री यांतले काहीही झालेले नसेल. पिकाच्या आयुष्याचा साधारण पहिला एक-तृतीयांश काळ तणाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतो. त्या काळात रान स्वच्छ राहिले नाही, तर पुढे कितीही कष्ट घेतले तरी गेलेले उत्पन्न परत मिळत नाही. एक हंगाम दुर्लक्ष करून पुढच्या हंगामात सगळे उपटून टाकू, असेही चालत नाही. विल्यम जेम्स बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये अमेरिकेतील मिशिगन येथे तणांचे बी बाटल्यांत भरून जमिनीत पुरले होते. त्यांतली एक बाटली २०२१ मध्ये उकरली, तेव्हा १४२ वर्षांनंतरही त्यातले काही बी उगवले. सगळी तणे इतकी चिवट नसतात, पण एकदा फुलोऱ्यापर्यंत जाऊ दिलेले तण पुढची अनेक वर्षे आपल्या अंगावर काम टाकते, हे नक्की. व्हिडिओमध्ये तण कधी दिसत नाही, हे आपल्या लक्षात आले असेल; चित्रीकरण निंदणीनंतर होते.

याचा अर्थ मजूर लावावेत असा नाही. मजूर हंगामात सगळ्यांनाच एकाच वेळी हवे असतात, आणि कामाची प्रत ओळखता येत नाही अशा मालकाकडे कामही तसेच होते. याचा अर्थ क्षेत्र कमी करावे, असा आहे. पहिल्या वर्षी भाजीपाल्यासाठी १० गुंठ्यांपेक्षा जास्त जमीन धरू नये, असे मी आपल्याला आग्रहाने सांगेन. १० गुंठे म्हणजे साधारण हजार चौरस मीटर. एक माणूस आच्छादन, हातकोळपे आणि सरळ ओळी यांच्या मदतीने एवढे रान वेळच्या वेळी सांभाळू शकतो, आणि ते नीट सांभाळले तर त्यातून निघणारा माल विकणे हेसुद्धा पुरेसे मोठे काम ठरते. उरलेली जमीन उघडी टाकू नये, नाहीतर ती तणाचे कोठार होईल. तिच्यावर हिरवळीचे पीक किंवा एखादे दाट वाढणारे कडधान्य घ्यावे आणि फुलावर येताच हिरवळीचे पीक मातीत गाडावे.

आता पाणी. एक मिलिमीटर पाणी एका एकरावर पसरले, तर ते सुमारे ४,०४७ लिटर होते. कोरड्या, उष्ण दिवसांत भरात आलेले पीक आणि माती मिळून दिवसाला पाच ते सहा मिलिमीटर पाणी हवेत सोडतात. म्हणजे एकराला रोज २० ते २४ हजार लिटर, आणि आपल्या दीड एकराला ३० ते ३६ हजार लिटर. बोअरमधून सेकंदाला एक लिटर पाणी मिळत असेल, तर तासाला ३,६०० लिटर होते, आणि वरची गरज भागवायला पंप रोज आठ ते दहा तास चालावा लागेल. वीज तेवढा वेळ असेल का, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बोअर तेवढा वेळ पाणी देईल का? ठिबक सिंचनाने पाण्याची नासाडी पुष्कळ कमी होते. चांगल्या ठिबकमध्ये सोडलेल्या पाण्यापैकी सुमारे ९० टक्के पिकाच्या उपयोगी पडते, तर मोकाट पाण्यात हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली असते. तरीही पिकाची स्वतःची तहान ठिबकने नाहीशी होत नाही.

म्हणून एक साधे मोजमाप करावे. वर्षातल्या सर्वांत टंचाईच्या महिन्यात पंप सलग चार-पाच तास चालवावा आणि शेवटी २०० लिटरचे पिंप भरायला किती वेळ लागतो ते पाहावे. पहिल्या दहा मिनिटांची धार फसवी असते; ते साठलेले पाणी असते, झऱ्याचे नव्हे. पिंप तीन मिनिटे वीस सेकंदांत भरले, तर सेकंदाला एक लिटर पाणी आहे असे समजावे. दहा मिनिटे लागली, तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. उन्हाळी भाजीपाल्याचे क्षेत्र या आकड्यावरून ठरते, सातबाऱ्यावरच्या आकड्यावरून नाही. त्याच वेळी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत देऊन त्यातले क्षार आणि सोडियम तपासून घ्यावे. खारट पाणी भरपूर असणे हे पाणी कमी असण्यापेक्षा वाईट, कारण ते जमीन हळूहळू चोपण, म्हणजे घट्ट आणि निचरा न होणारी, करते आणि ते ध्यानात येईपर्यंत काही वर्षे गेलेली असतात.

मातीबद्दल बोलताना 'माझी जमीन काळी आणि सुपीक दिसते' असे अनेक जण लिहितात; आपण तसे लिहिलेले नाही, हे बरे केले. रंगावरून फारसे कळत नाही. शेतात दोन-तीन ठिकाणी कमरेएवढे खड्डे घेऊन पाहावेत: माती किती खोल आहे, मुरूम किंवा खडक कुठे लागतो, मुळे किती खाली गेली आहेत, मध्येच एखादा कठीण थर आहे का. मग खड्ड्यात पाणी ओतून ते किती वेळात मुरते ते पाहावे. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच राहिले, तर आपल्याला खताआधी निचऱ्याचा विचार करावा लागेल. प्रयोगशाळेत द्यायचा मातीचा नमुना एका जागचा नसावा; शेतात नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणांहून वरच्या १५ ते २० सेंटिमीटर थरातली माती घ्यावी, एकत्र मिसळावी आणि त्यातली अर्धा किलो द्यावी. बांध, झाडाखालची सावली आणि जुन्या उकिरड्याची जागा टाळावी, कारण तिथली माती बाकीच्या शेताबद्दल खोटे सांगते. अहवालात सामू (आम्ल-विम्लता, म्हणजे pH), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. बहुतेक भाज्यांना साधारण ६ ते ७.५ या दरम्यानचा सामू मानवतो.

सेंद्रिय शेतीचा आपला निर्धार मला आवडला, परंतु त्यामागचा हिशेब घाईचा आहे. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन २० लाख किलोहून अधिक भरते. त्यात सेंद्रिय पदार्थाचे प्रमाण नुसते एक टक्क्याने वाढवायचे, तर २० टनांहून अधिक टिकाऊ सेंद्रिय पदार्थ मातीत राहावा लागतो. आणि आपण घातलेल्या खताचा मोठा भाग तर कुजून हवेत जातो. म्हणजे हे काम एका-दोन हंगामांचे नसून अनेक वर्षांचे आहे. नत्राचेही (नायट्रोजनचेही) तसेच. चांगल्या शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र असते, म्हणजे दहा टन खतात सुमारे ५० किलो, आणि त्यातला थोडाच भाग पहिल्या हंगामात पिकाला मिळतो. खादाड भाज्यांना हेक्टरी १०० किलोंहून अधिक नत्र सहज लागते. कडधान्यांची फेरपालट, हिरवळीचे खत आणि बाहेरून आणलेले कंपोस्ट यांच्या जोरावर हे जमते, पण पहिल्या वर्षीचे पीक शेजारच्या रासायनिक खतावरील पिकापेक्षा फिकट आणि लहान दिसण्याची शक्यता मोठी आहे, आणि तेव्हा खचून जाऊ नये. शिवाय 'सेंद्रिय' म्हणून प्रमाणित माल विकायचा असेल, तर जगभरच्या बहुतेक प्रमाणन पद्धतींत दोन ते तीन वर्षांचा संक्रमण काळ पाळावा लागतो. त्या काळात शेती सेंद्रिय पद्धतीने करायची, त्याचे कष्ट सोसायचे, पण ते लेबल मात्र लावायचे नाही. आपल्या आराखड्यात वाढीव दर पहिल्या महिन्यापासून धरला आहे. तो काढून टाकावा आणि आकडेमोड पुन्हा करावी.

मातीबाबत आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही अहवालात मिळत नाही. वाफसा, म्हणजे मशागतीला योग्य इतकीच ओल, ओळखायला शिकावे. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि बोटाने टिचकी मारावी. तो भुसभुशीत होऊन फुटला तर मशागत करावी, चिकट राहिला तर अवजार बाहेरच ठेवावे. ओल्या रानात एकदा घातलेला ट्रॅक्टर माती अशी दाबतो, की पुढचे दोन-तीन हंगाम त्या पट्ट्यात पीक खुरटते. सुट्टीच्या दिवशीच शेतावर जाणाऱ्यांच्या हातून हे हमखास होते, कारण त्यांच्या सुट्टीचा आणि वाफशाचा दिवस क्वचितच एक असतो.

यावरून आपल्या नोकरीच्या प्रश्नाकडे वळतो. 'नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी शेती करा' हा सल्ला आपल्याला अनेकांनी दिला असेल. भाजीपाल्याच्या बाबतीत तो सल्ला मला अर्धवट वाटतो. भेंडी किंवा काकडी एक-दोन दिवसांआड तोडावी लागते. तीन-चार दिवस थांबलात तर फळ जून होते आणि झाड नवीन फळ धरायचे थांबते. रोपे कोरड्या वाऱ्यात एका दुपारीत माना टाकतात. अळीचा एक दिवस आणि आपला एक आठवडा यांत फार अंतर नसते. तेव्हा आठवड्यातून दोन दिवस जाणार असाल, तर भाज्यांऐवजी थांबू शकणारी पिके घ्यावीत: कडधान्ये, भोपळा, कंदपिके, फळझाडे. भाजीच करायची, तर शेताजवळ राहणारे कोणीतरी हवे, किंवा रोज सकाळी दोन तास आपण स्वतः तिथे हवे. एका तासाचे अंतर म्हणजे जाऊन-येऊन दोन तास, हेही त्या हिशेबात धरावे. माझे मत विचाराल, तर नोकरी पूर्ण न सोडता कामाचे दिवस किंवा तास कमी करून घेता येतात का, याची आधी चौकशी करावी. पगार अर्धा झाला तरी चालेल. तो बंद होऊ नये. बचत संपत आलेला माणूस शेतात वाईट निर्णय घेतो: कच्चा माल काढतो, पडेल त्या भावाला विकतो, पुढच्या हंगामाचे बियाणे उधारीवर आणतो.

आपली बचत 'दोन वर्षे घर चालेल इतकी' आहे, असे आपण लिहिता. ते घराचे झाले. शेताला स्वतःचे खेळते भांडवल लागते, आणि ते घरखर्चाच्या पैशांतून वेगळे काढून ठेवलेले असावे. बियाणे, खत, वीज, वाहतूक, मजुरी, पॅकिंग आणि दुरुस्ती यांवर पैसे आधी जातात. माल विकून ते नंतर येतात, आणि कधी कधी येतच नाहीत. पाइप, ठिबकच्या नळ्या, पंप यांची झीज दर वर्षी खर्चात धरावी, कारण बदलायची वेळ आली की हा खर्च एकरकमी समोर उभा राहतो. सुरुवातीचा भांडवली खर्च कुंपण, पाण्याची सोय आणि सावलीची, हवेशीर साठवणाची जागा यांवर करावा. ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर दोन एकरांसाठी विकत घेऊ नये, भाड्याने मिळतो. ज्या व्हिडिओंवरून आपण उत्पन्न धरले, त्यांत बहुधा सर्वांत चांगल्या वाफ्यातले उत्पादन पूर्ण एकराला लावलेले असते आणि त्याला किरकोळ बाजारातल्या दराने गुणलेले असते. तो गुणाकार बरोबर असला, तरी त्याचे उत्तर म्हणजे आपल्या खिशात येणारा पैसा नव्हे.

विक्रीबद्दल पत्रात एकच वाक्य आहे, 'सेंद्रिय मालाला मागणी आहेच'. मागणी आहे, पण ती दर आठवड्याला, थोडी थोडी आणि ठरावीक भाज्यांची आहे. पालेभाजीचा वाफा मात्र पेरल्यापासून ३० ते ४५ दिवसांत एकदम तयार होतो आणि चार-सहा दिवसांत हातचा जातो. म्हणून वाफा एकदम पेरण्याऐवजी दर दहा-पंधरा दिवसांनी थोडा थोडा पेरावा लागतो, आणि ही टप्प्याटप्प्याने लागवड जमवणे हे नवख्याला कीड-रोगांपेक्षाही अवघड जाते. काढणी, धुणे, प्रतवारी, जुड्या बांधणे, पोहोचवणे, पैसे गोळा करणे यांत भाजीपाला उत्पादकाचा जवळजवळ निम्मा वेळ जातो. हा वेळ शेतीचाच भाग आहे. घाऊक बाजारात माल टाकला तर वेळ वाचतो, पण तिथे भाव आपल्या हातात नसतो. गेल्या वर्षी ज्या पिकाला भाव मिळाला, ते या वर्षी सगळे लावतात आणि भाव कोसळतो. पुढच्या वर्षी कोणीच लावत नाही आणि तो पुन्हा चढतो. मॉर्डेकाय इझिकिएल या अर्थशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये या चक्राचे सविस्तर विवेचन केले होते आणि ते आजही तसेच फिरते. आपण गेल्या वर्षीच्या भावावरून पीक निवडाल, तर या चक्रात चुकीच्या वेळी शिराल.

यावर लहान शेतकऱ्याकडे असलेला सर्वांत चांगला उपाय म्हणजे आधी घेणारे ठरवणे. आपल्या ओळखीतली आणि कार्यालयातली २० कुटुंबे निवडावीत, ती आठवड्याला कोणत्या भाज्या किती आणतात हे त्यांनाच विचारावे, आणि त्यातून पाच किंवा सहाच भाज्या लावाव्यात. १५ भाज्यांच्या १५ बियाणे-दरांची, १५ अंतरांची आणि १५ प्रकारच्या किडींची ओळख पहिल्या वर्षी कोणालाच होत नाही. पाच भाज्या नीट पिकवल्या की सहावी शिकायला वेळ लागत नाही. कुटुंबांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी: काही आठवडे पिशवी अर्धीच भरेल. हे आधी सांगितले तर लोक समजून घेतात, ऐन वेळी सांगितले तर दुसरीकडे जातात.

जनावरांबद्दल मी कठोर बोलणार आहे. दोन गाई पहिल्या वर्षी घेऊ नयेत. दुसऱ्या वर्षीही नाही. गाईची धार दिवसातून दोनदा, वर्षातले सगळे दिवस काढावी लागते. ताप आला, लग्नाला जायचे असले, पाऊस कोसळत असला तरी. ४०० किलो वजनाच्या गाईला रोज दहा-बारा किलो शुष्क आहार, म्हणजे ओलावा वगळून मोजलेला चारा आणि खुराक, लागतो. दोन गाईंच्या हिरव्या चाऱ्यासाठी ओलिताखालची १० ते २० गुंठे जमीन सहज जाते, आणि तेवढी जागा आपल्या आराखड्यात कुठेच नाही. ज्या अर्ध्या एकरात गोठा, कोंबड्या आणि फळझाडे बसवली आहेत, तो तर आधीच भरला आहे. गाय नऊ महिन्यांच्या गाभणकाळानंतर व्यायल्याशिवाय दूध देत नाही, म्हणजे भाकड काळ, वासरे आणि जनावरांचा डॉक्टर हे सगळे त्यात आले. खत हवे म्हणून गाय पाळणे महागात पडते. खत विकत मिळते.

कोंबड्यांचे गणित लहान असले तरी तसेच आहे. अंडी देणारी एक कोंबडी रोज ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे १०० कोंबड्यांना वर्षाला चार टनांहून अधिक. पिल्ले आणलीत, तर पहिले अंडे साधारण १८ ते २० आठवड्यांनी मिळते. तोवर प्रत्येक पिल्लाने सात-आठ किलो खाद्य संपवलेले असते. घरातल्या उरल्यासुरल्या अन्नावर १०० कोंबड्या जगत नाहीत. दुसऱ्या वर्षी दहा-बारा कोंबड्या, मजबूत रात्रनिवाऱ्यासह, एवढे पुरे आहे. त्यांतून रोग, मुंगूस, कुत्री आणि उन्हाळ्याची तलखी यांचा अनुभव येईल, आणि चुकलेच तर नुकसान सोसण्याइतके असेल.

फळझाडांचे मात्र उलटे आहे. कलमी झाडालाही नीट फळावर यायला तीन ते पाच वर्षे लागतात, म्हणून ती लवकर लावावीत, पण थोडी. पहिल्या पावसाळ्यात जितक्या झाडांना पुढच्या उन्हाळ्यात पाणी नक्की देता येईल तितकीच. मेलेली १०० रोपे आणि जगलेली १५ झाडे यांत पैसा बहुधा सारखाच जातो.

शरीराबद्दल दोन शब्द. बेचाळिसाव्या वर्षी खुर्चीवरून थेट वाफ्यात बसणाऱ्याची कंबर आणि गुडघे पहिल्या महिन्यातच तक्रार करतात. लांब दांड्याची अवजारे वापरावीत, जड काम पहाटे आणि संध्याकाळी करावे, धनुर्वाताची लस घेतलेली असावी. वनस्पतिजन्य कीटकनाशक फवारतानाही हातमोजे आणि तोंडावर मास्क हवाच. 'सेंद्रिय' म्हणजे निरुपद्रवी नव्हे.

आपल्या पत्नीच्या नोकरीवर या योजनेतला निम्मा भार आहे, आणि पत्रात त्यांचे मत काय, हे नाही. त्यांच्यासोबत बसून दोन आकडे आजच ठरवावेत आणि लिहून ठेवावेत: शेतात एकूण किती पैसा घालायचा, आणि कोणत्या तारखेला थांबून हिशेब पाहायचा. पैसा संपत आल्यावर हे बोलणे अवघड होते. नोकरी पूर्ण सोडण्यासाठी मी तरी ही अट घालीन, की लागोपाठ दोन वर्षे शेताने आपला स्वतःचा सगळा खर्च, झीज आणि लावलेल्या मजुरीसह, भागवून वर काही शिल्लक दाखवली पाहिजे. आपल्या स्वतःच्या कामाचे तास वहीत लिहीत जावे आणि वर्षाअखेर शिल्लक रकमेला त्या तासांनी भागावे. तो भागाकार पहिल्या वर्षी बहुधा निराश करेल, पण कोणते पीक ठेवायचे आणि कोणते सोडायचे, हे त्याच्याइतके स्पष्ट दुसरे काहीही सांगत नाही. पुष्कळदा असे दिसते, की सर्वांत जास्त विकली जाणारी भाजी तासाच्या हिशेबात तळाला असते.

आता अभ्यासक्रमाचा प्रश्न. तो जरूर करावा, पण आधी नको. त्यापूर्वी आपल्या शेताच्या आसपास, सारखी माती आणि सारखे पाणी असलेल्या एखाद्या भाजीपाला उत्पादकाकडे एक पूर्ण हंगाम, रोपवाटिकेपासून शेवटच्या तोडणीपर्यंत, सुट्टीच्या दिवशी आणि शक्य तेव्हा पहाटे, कामाला जावे. पाहुणा म्हणून जाऊ नये. जे सांगतील ते काम करावे, आणि कामाच्या घाईत प्रश्न विचारू नयेत. जायला सर्वांत चांगला काळ म्हणजे निंदणीचा आणि भाव पडलेल्या आठवड्यांचा, कारण तेव्हाच त्यांचे निर्णय पाहायला मिळतात: कोणता वाफा ते सोडून देतात, कशावर आणखी पैसा घालतात, कोणाला फोन करतात. ओळख पुरेशी झाल्यावर, आणि त्यांची तयारी असेल तरच, त्यांची खर्चाची वही पाहावी. याच हंगामात आपल्या शेतातले खड्डे, मातीचा नमुना आणि बोअरचे मोजमाप उरकून घ्यावे. अभ्यासक्रमाला त्यानंतर नाव घालावे; तेव्हा माती आणि पाण्याचे अहवाल बरोबर न्यावेत आणि शिकवणाऱ्यांना त्या अहवालांवरूनच प्रश्न विचारावेत.